पाणी मागे फिरू नये म्हणून : एनआरव्ही घेताना आणि विकताना

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी वीज निर्माण करून खाली उतरते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते आणि भिवपुरीचे उल्हास नदीला. या बारमाही पाण्याच्या आधाराने खालापूर तालुक्यात खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने चालतात. कर्जत तालुक्यात नेरळहून उल्हासचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने थेट माथेरानपर्यंत चढवले जाते. अशा प्रत्येक पंपापुढे एक झडप असते. बाजारात तिला एनआरव्ही म्हणतात, सरकारी टेंडरात रिफ्लक्स व्हॉल्व्ह. पाणी पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम.

हा माल विकणारे, बसवणारे व दुरुस्त करणारे आमचे बंधू पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक आठ इंची पाइप सांगते, दुकानदार आठ इंची व्हॉल्व्ह काढून देतो. नुकसानीची सुरुवात बहुधा इथेच होते.

पंप चालू असताना वीज गेली की वर चढणारे पाणी क्षणभर थांबते आणि मागे फिरते. दार वेळेत मिटले नाही तर उलटे पाणी वेग घेते आणि दार धाडकन आपटते. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम अडले, तर सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे १० किलोच्या आसपास जादा दाब तयार होतो. त्याने गॅस्केट उडते, फ्लँज तडकते, कधी पंपाची बॉडीच फुटते. म्हणून गिऱ्हाइकाला पाइपाच्या मापाबरोबर चार गोष्टी विचाराव्यात : पाणी किती, उंची किती, लाइन आडवी की उभी, आणि एकाच लाइनवर पंप किती.

साधा फ्लॅपचा व्हॉल्व्ह कमी उंचीच्या, संथ लाइनला पुरतो. उभ्या लाइनवर तो पाणी वर जात असेल तरच चालतो. उंची जास्त असेल किंवा अनेक पंप एकत्र चालत असतील, तर स्प्रिंगचा ड्युअल प्लेट किंवा नोझल पद्धतीचा व्हॉल्व्ह घ्यावा, कारण त्याचे दार पाणी उलटण्याआधीच मिटू लागते. गरजेपेक्षा मोठा व्हॉल्व्हही टिकत नाही. पाण्याचा जोर कमी पडला की दार अर्धवट उघडे राहून फडफडते आणि पिन झिजते. पंप किंवा एल्बोला चिकटून व्हॉल्व्ह बसवू नये. मध्ये पाइपाच्या व्यासाच्या पाचपट तरी सरळ लांबी सोडावी.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते आणि त्यातील रेती सीट खाते. म्हणून बॉडी बिडाची किंवा डक्टाइल आयर्नची असली तरी सीट गनमेटलची आणि पिन स्टेनलेसची असावी. पाऊस संपला की झाकण उघडून पिन, सीट आणि रबर तपासावे. लेथवाल्या व फिटर बंधूंसाठी हे दरवर्षीचे हक्काचे काम आहे. त्यांनी स्वतः होऊन कारखान्यांत जाऊन ते मागावे.

आता अमानतीची गोष्ट. ओतीव कामातील छिद्रे लांबीने बुजवून वर रंग मारलेला माल बाजारात येतो. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे व्यापाऱ्याला विचारले. हा प्रसंग आम्ही सर्वांनी ऐकलेला आहे. रंगाखालचे छिद्र ही तीच ओल. अशी झडप फुटली तर पंपघरातील ऑपरेटरच्या जिवावर बेतते. तेव्हा आयएस ५३१२ चा शिक्का पाहावा, दीडपट दाबाच्या चाचणीचा दाखला मागावा, आणि शंका असेल तर पत्रा-पंप लावून दुकानातच दाब देऊन दाखवावा.

स्वस्त व्हॉल्व्ह एकदा विकला जातो. खरे सांगणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा येते. हलाल रोजीत बरकत येते ती अशीच, इन्शाअल्लाह.