श्यामची आई : वाचलेली आणि पाहिलेली

भोकरकडील मुलांस 'श्यामची आई' शिकवूं लागलें म्हणजे पहिली अडचण येते ती विहिरीची. चैत्र लागला न लागला तोंच इकडील कित्येक विहिरींचा तळ दिसूं लागतो. पावसाळ्यांत कोंकणांतील विहीर तुडुंब भरते आणि मुलें तींत उड्या टाकितात, हें त्यांस खरेंच वाटत नाहीं. यास्तव येथील एका शाळेच्या इंग्रजी शिक्षकांनीं आठवीच्या वर्गास पुस्तक आणि त्यावरील चित्रपट यांची तुलना करावयास सांगितली व आम्हां पेन्शनर मास्तरांस बसावयास बोलाविलें, तेव्हां आम्ही गेलों. मन साशंक होतें. पुस्तकाच्या तासाला चित्रपट म्हणजे आम्हांस पळवाटच वाटत होती.

पुस्तकाची हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. साने गुरुजींनीं तें १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. मोठा झालेला श्याम आश्रमांत प्रार्थनेनंतर सोबत्यांस आईच्या आठवणी सांगतो, अशा त्या बेचाळीस रात्री. आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ सालीं निघाला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्यास १९५४ मध्यें मिळाला. हा गौरव पाहावयास गुरुजी नव्हते. ते १९५० च्या जूनमध्यें गेले. आमचें भोकर त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होतें.

वर्गांत 'श्यामचें पोहणें' ही बारावी रात्र आधीं मूळ मराठींतून वाचली, मग शांता गोखले यांच्या इंग्रजी भाषांतरांतून. पोहण्यास भिणारा श्याम दडून बसतो. आई त्यास शोधून काढते, शिंपटीनें झोडपते आणि विहिरीवर धाडते. वाचतांना मुलें खुदुखुदु हंसलीं. तोच प्रसंग पडद्यावर आला तेव्हां मात्र कोणीहि हंसलें नाहीं. असें कां व्हावें, हा प्रश्न शिक्षकांनीं लगेच टाकिला. मागल्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "पुस्तकांत श्याम मोठा होऊन सांगतोय, म्हणजे तो बुडाला नाहीं हें आधींच कळतं. सिनेमांत मार आत्तांच बसतो."

दृश्य आणि श्रव्य काव्याचा भेद आम्हीं तरुणपणीं घोकून पाठ केला होता. परंतु तो इतक्या थोड्या शब्दांत कोणीं सांगितल्याचें आठवत नाहीं. श्रव्यांत सांगणारा मध्यें उभा असतो, दृश्यांत तो बाजूला होतो, आणि म्हणूनच कथेंत फेरफार करावे लागतात. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेस ओळखूनहि नाकारतो. कालिदासानें रंगभूमीसाठीं दुर्वासाचा शाप व मुद्रिका आणिली. नायकानें प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जाणूनबुजून खोटें बोलावें, हें त्या नाटकास पेललें नसतें. तेव्हां मूळांत नसलेलें पडद्यावर दिसलें कीं विटाळ झाला असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हें.

अत्र्यांनीं छडीचें जें गाणें घातलें तें पुस्तकांत नाहीं. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, अत्रे पुण्यांत मुख्याध्यापक होते, दोघेहि मास्तरच. गाणें लागतांच मुलांनीं बाकांवर ताल धरिला. आम्हीं मात्र खाली पाहिलें. छडी आमच्याहि हातीं वर्षानुवर्षें होती. श्यामला मारल्यानंतर त्याच्या आईचेच डोळे भरून आले. आमचे एकदांहि भरले नाहींत.

इंग्रजीच्या शिक्षकांस खरा लाभ झाला तो एका लहानशा शब्दानें. श्याम आईस 'तूं' म्हणतो, वडिलांस 'भाऊ' म्हणून आदरानें बोलतो. इंग्रजींत दोघांसहि एकच 'यू'. घरांतील तें अंतर इंग्रजी पानावर पुसून जातें. पडद्यावर कान तें तत्काळ टिपतो. एवढें मुलांस उमगल्यावर भाषांतर म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागलें नाहीं.

एका मुलीची तक्रार मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. "वाचतांना मला माझी आईच दिसत होती," ती म्हणाली, "आतां त्या सिनेमांतल्या बाई दिसतात." वनमालाबाईंचें काम थोर, बाल श्याम झालेल्या माधव वझ्यांचेंहि, पण या तक्रारीस उत्तर काय द्यावें? २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं त्याच पुस्तकावर नवा चित्रपट काढिला, म्हणजे त्या माउलीस आणखी एक चेहरा लाभला. पुस्तकांतील आईस तो ज्याच्या त्याच्या घरांतून मिळतो. म्हणून आमचें घरोघरच्या वडील मंडळींस सांगणें एवढेंच कीं, रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांस जवळ घेऊन पुस्तक आधीं मोठ्यानें वाचावें, पुरतें बेचाळीस रात्री वाचावें. चित्रपट त्यानंतर खुशाल दाखवावा. उलट क्रम केल्यास आपल्या आईचा चेहरा श्यामच्या आईस देण्याची संधि मुलांस पुन्हां मिळत नाहीं.

तास संपल्यावर शिक्षकांनीं त्या मुलीची वही आमच्यापुढें ठेविली. निबंध इंग्रजींत होता. परंतु जेथें जेथें 'मदर' शब्द आला होता तेथें तेथें तिनें तो खोडून वर देवनागरींत 'आई' लिहिलें होतें. याचे गुण कापावे काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं नको म्हटलें.