भट्टीपुढील डोळे

श्रोतेहो, भट्टीच्या तोंडाशीं उभा राहून फुंकणीनें कांच फुगविणारा कारागीर आपल्यापैकीं कांहींनीं पाहिला असेल. भाजण्याचें भय त्याला कळतें, म्हणून हात तो जपतो. डोळ्यांवरील संकटाची मात्र त्याला चाहूलही लागत नाहीं.

१८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं लोलकांतून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोंकापलीकडे, जेथें कांहींच दिसत नव्हतें तेथें, तापमापक ठेवला, पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. भट्टीची बहुतेक ऊर्जा याच रूपानें बाहेर पडते. प्रखर प्रकाशानें बाहुली आकसते, पापणी मिटते. हे किरण दिसतच नसल्यामुळें निसर्गाचा हा पहारेकरी निजलेलाच राहतो. त्यांपैकीं दृश्य प्रकाशाच्या लगतचे किरण डोळ्याचा पारदर्शक पडदा ओलांडून आंत शिरतात. बाहुलीभोंवतालचा रंगीत पडदा ते शोषून तापतो व आपली उष्णता मागील भिंगाला देतो. कांहीं किरण भिंग स्वतःच शोषतें. इतरत्र अशी उष्णता रक्त वाहून नेतें. भिंगांत तर रक्तवाहिनीच नाहीं! वर्षानुवर्षें असें तापून तें गढुळतें. हाच कांचकामगारांचा मोतीबिंदु.

यावर उपाय म्हणून इंग्लंडांत सर विल्यम क्रुक्स यांनीं निरनिराळ्या धातूंचीं संयुगें मिसळून कांचेचे पुष्कळ नमुने केले व १९१४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोहयुक्त हिरवट कांच उष्णताकिरण चांगले अडविते. कांचेनें बिघडविलेले डोळे कांचेनेंच राखावे, हा योग मौजेचाच! पण नुसता काळा चष्मा घातक ठरूं शकतो. तो प्रकाश अडवून उष्णताकिरण आंत सोडीत असेल, तर बाहुली विस्तारते आणि मनुष्य निर्धास्तपणें अधिक वेळ पाहत राहतो.

किती किरण सोसवतात? अनायनकारी प्रारणांपासून संरक्षणासाठीं असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगानें २०१३ सालीं दिलेली मर्यादा अशी : १००० सेकंदांहून, म्हणजे सुमारें १७ मिनिटांहून, अधिक काळ डोळ्यावर दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅटहून अधिक अवरक्त प्रारण पडूं नये, १० सेकंदांपुरतें सुमारें ३२० चालतें. तुलनेसाठीं सांगतों, भर दुपारचें ऊन, दृश्य प्रकाश धरून, तेवढ्याच जागेवर सुमारें १०० मिलिवॅट टाकतें. गालाला लागणारी धग ही एक सूचना खरी, परंतु रोजच्या कामांत ती अंगवळणी पडते. म्हणून मोजणी यंत्रानेंच करावी, आणि ती कामगाराचा डोळा जेथें असतो तेथें. चष्मा घेतांना त्याचा काळेपणा न पाहतां, तो अवरक्त किरण किती अडवितो, हें विक्रेत्यास विचारावें.