रिकामं पेन कुणी पाहिलंय?

शाईच्या दौतीत ‘हीरो’ छापाच्या शाईपेनाची निब बुडवा आणि मागची पट्टी दाबा. बुडबुड, बुडबुड! शाई भरायला बसलात आणि पेनातून बाहेर काय पडतंय, तर हवा. आपण म्हणतो पेन रिकामं झालं, पण खरंखुरं रिकामं पेन कुणी पाहिलेलंच नाही. शाई जसजशी संपते तसतशी तिच्या जागी हवा येऊन बसते. ती उठल्याशिवाय शाईला आत जागा कुठली मिळणार?

पट्टी दाबली की आतली मऊ थैली चेपते आणि हवा निघून जाते. बोट सोडलं की थैली पुन्हा फुगते, पण आता आत हवा थोडीच उरलेली असते. म्हणून आतला दाब कमी होतो. इकडे दौतीतल्या शाईवर बाहेरची हवा दाब देतेच आहे. ती शाईला निबजवळून वर ढकलते, थेट थैलीत. पेन शाई पितं असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे बाहेरची हवा त्याला ती पाजते!

मग पट्टी चार-पाच वेळा का दाबायची? कारण एका दाबात सगळी हवा जात नाही. थैलीच्या आत एक बारीक नळी असते आणि तिचं तोंड पार वरच्या टोकाशी असतं. दुसऱ्यांदा दाबलं की खाली जमलेली शाई बरीचशी तिथेच राहते आणि वरची हवा त्या नळीतून निसटते. ज्याने कुणी ही नळी बसवली, त्याला माझा सलाम.

लिहिताना सगळं उलट घडतं. शाई कागदावर गेली की तिच्या जागी हवा आत यायलाच हवी, नाहीतर शाई अडून बसते. निबच्या खाली काळी जीभ असते, ती काढून नीट बघा. तिच्यावर बारीक खाचा दिसतील. त्यांतून शाई खाली उतरते आणि हवा वर जाते. अशा खाचांच्या जिभेचं पेटंट अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली घेतलं. या खाचा इतक्या अरुंद असतात की शाईतला एखादा कणसुद्धा वाट अडवतो. पूर्वी शाईची पूड किंवा वडी मिळायची, ती पाण्यात विरघळवून शाई करायची. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली ‘हॉर्स’ छापाची अशी पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पुढे त्यांचीच ‘कॅमल’ शाई घरोघरी पोचली. पूड नीट विरघळली नाही तर पेन अडणारच की!

आता खरी गंमत. ड्रॉपरने भरायच्या पेनात थैली नसते. पुढचा भाग आटे फिरवून काढायचा आणि पोटातच शाई ओतायची. असं पेन भरलेलं असताना शहाण्यासारखं वागतं आणि शाई संपत आली की मात्र ठिपके टाकतं. निदान जास्त शाई असताना तरी जास्त गळावं ना? पण हा उद्योग शाईचा नाहीच, हवेचा आहे.

थंडीतली सकाळ, वर्गात २० अंश तापमान. तुमच्या मुठीत पेन हळूहळू ३० अंशांपर्यंत तापलं. हवा तापली की फुगते. दहा अंशांना साधारण तिसावा भाग. पेनात ३ मिलिलिटर हवा असेल तर ती ०.१ मिलिलिटरने फुगेल आणि तेवढीच शाई बाहेर ढकलेल. म्हणजे दोन थेंब, थेट वहीवर! पेन भरलेलं असेल तर हवा जेमतेम चिमूटभर. ती फुगून फुगून किती फुगणार? जिभेच्या खाचा तेवढी शाई सहज थोपवून धरतात.

घाट चढताना तर तापायचीही गरज नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. बाहेरचा दाब कमी झाला की पेनातली हवा पसरते. मुंबईहून ३ मिलिलिटर हवा घेऊन निघालेल्या पेनात वर पोचेपर्यंत ती साडेतीनच्या आसपास होते. पेन निब खाली करून ठेवलं असेल तर अर्धा मिलिलिटर शाई, म्हणजे दहाएक थेंब, टोपणात! विमानात दाब याहूनही कमी होतो.

म्हणून प्रवासाला निघताना पेन काठोकाठ भरा, नाहीतर सगळी शाई काढून धुऊन न्या. अर्धं भरलेलंच न्यायचं असेल तर निब वर ठेवा, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता एकटीच निघून जाईल. कंपासपेटीत आडवं पडलेलं पेन जास्त गळतं आणि शर्टाच्या खिशाला अडकवलेलं कमी, ते यामुळेच. खिशाला अडकवायची पट्टी टोपणावर असते, त्यामुळे निब आपोआप वरच राहते.