कुंभारीण माशी आणि चाकांवरचे घर

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून ओढून नेता येणारी लहान घरे पुष्कळ कुटुंबे वापरतात. त्यांना प्रवासी ट्रेलर म्हणतात. एवढ्याशा जागेत शेगडी, शीतकपाट, पाणी तापवण्याचा बंब आणि हिवाळ्यासाठी भट्टी अशी सर्व सोय असते. ही उपकरणे बहुधा प्रोपेन वायूवर चालतात. ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा निर्माण करणाऱ्या शीतकपाटाची रचना स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधून काढली. ट्रेलरमध्ये हाच प्रकार वापरला जातो.

ज्योत म्हटली की तिला हवा हवी, आणि जळालेले वायू बाहेर जाण्यास वाट हवी. यास्तव ट्रेलरच्या भिंतीत प्रत्येक उपकरणाजवळ झरोका ठेवलेला असतो. याच झरोक्यांतून कीटक आत शिरतात.

त्यांत प्रमुख म्हणजे कुंभारीण माशी. आपल्या घरांच्या भिंतींवर चिखलाची घरटी बांधणाऱ्या कुंभारणीचीच ही अमेरिकन बहीण होय. मादी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते, त्यांच्या कोठ्या रचते, नांगी मारून निश्चेष्ट केलेले कोळी त्यांत भरते व अंडे घालून तोंड लिंपून टाकते. अनेक दिवस न वापरलेल्या भट्टीची नळी तिला सुरक्षित बीळ वाटते. कोळीही बर्नरच्या नळीत जाळे विणतात.

याचा परिणाम रसायनशास्त्र सांगते. प्रोपेनच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी ऑक्सिजनचे पाच भाग, म्हणजे हवेचे सुमारे २४ भाग लागतात. हवा अपुरी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद ट्रेलरमध्ये झोपलेल्या माणसांना तो नकळत मारू शकतो.

म्हणून अनेक ट्रेलरमालक घरीच जाळ्या तयार करतात. धातूची जाळी कात्रीने कापून झरोक्याच्या आतील बाजूस बारीक तारेने बांधतात. प्लास्टिकची जाळी उष्णतेने वितळते, म्हणून ती वर्ज्य. परंतु भोक केवढे असावे? ६ मिलिमीटरच्या भोकातून कुंभारीण सहज जाते. एका इंचात आठ तारा असलेल्या जाळीत तार ०.७ मिलिमीटर जाडीची असेल, तर भोक सुमारे २.५ मिलिमीटरचे उरते. त्यातून ती जाऊ शकत नाही. मात्र अशा जाळीचा शेकडा ६० भागच मोकळा राहतो. उरलेली जागा तारा अडवतात.

यावर एक सोपा उपाय आहे. झरोका १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरचा आहे असे समजा. जाळी सपाट न लावता ३ सेंटिमीटर खोल पेटीच्या आकारात वाकवली, तर पुढची बाजू १०० आणि चार कडा मिळून १२०, असे एकूण २२० चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते. त्याचे शेकडा ६० म्हणजे १३२. मोकळी वाट मूळ झरोक्यापेक्षा कमी होत नाही!

तरीही जाळीवर धूळ व धागे साचतात, आणि मग रक्षण करणारी जाळीच हवा अडवते. याच कारणाने अनेक उत्पादक भट्टीच्या झरोक्यांवर जाळी लावण्यास मनाई करतात. ती सूचना पाळावी. तेथे वारंवार तपासणी हाच उपाय. जेथे जाळी लावण्यास हरकत नाही, तेथेही ती नियमित झाडावी आणि आत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र अवश्य असावे.

क्षुल्लक वाटणाऱ्या अडथळ्याचे मोल इतिहासाने दाखवले आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणारी नळी तुंबली होती. कुंभारणीचे घरटे हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. उभ्या विमानाच्या त्या नळ्यांवर काही दिवस झाकण घातलेले नव्हते.

कुंभारीण आपले काम चोख करते. तिला दोष देता येत नाही. आपल्या यंत्राची तोंडे उघडी आहेत की बंद, हे पाहणे माणसाचे काम आहे.