फलज अल मुअल्ला: खजुराची बाग नेमकी कोणाच्या जिवावर उभी आहे?

उम्म अल कुवैन म्हटले की समुद्राकाठचे शांत शहर, खाडी आणि तिवरांची बेटे आठवतात. परंतु सुमारे ७७७ चौरस किलोमीटरच्या या छोट्या अमिरातीचा मोठा भाग वाळवंटी आहे. शहरापासून रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर आत गेल्यावर वाळूच्या टेकड्या मागे पडतात आणि खजुराच्या झाडांची हिरवी रेघ दिसू लागते. हे फलज अल मुअल्ला, या अमिरातीतील अंतर्भागाचे मुख्य गाव.

बागा पाहून येथील माणसे शेतीवर जगत असावीत असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. गाव शेतीमुळे वसले, पण आज शेतीवर चालत नाही. ते कसे घडले हे समजून घेतले, तर आखातातील ग्रामीण जीवनाचा आणि आपल्याकडील कोकणाचाही थोडा उलगडा होतो.

नावातच पाणी

‘फलज’ म्हणजे पाण्याचा पारंपरिक कालवा. पूर्वी या गावाला फलज अल अली म्हणत. अल अली ही येथील टोळी. राज्यकर्त्या अल मुअल्ला घराण्यावरून आजचे नाव पडले. जेथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे अशा कालव्यांवाचून वस्ती टिकणे अशक्य होते. फलजचा एक प्रकार भुयारी असतो. डोंगराच्या बाजूला भूजल लागेल तेथे विहीर खणायची आणि तेथून मंद उताराच्या बोगद्याने पाणी बागांपर्यंत आणायचे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, बांधलेली नहर याच तत्त्वावर चालत असे.

फलजच्या पाण्याची वाटणी वेळेवर होत असे. कोणाच्या बागेत किती वेळ पाणी सोडायचे हे ठरलेले असे आणि त्यावर ‘अरीफ’ नावाचा जाणकार देखरेख ठेवी. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच हे काम. अमिरातीतील या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०२० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मात्र गेल्या काही दशकांत पंप लागलेल्या खोल विहिरींनी भूजलाचा इतका उपसा केला की पातळी खाली गेली आणि देशातील अनेक फलज कोरडे पडले. उरलेले पाणी जागोजागी खारट झाले.

मोती, खजूर आणि परदेशातली कमाई

तेलापूर्वीच्या काळात या किनाऱ्याचे अर्थकारण दोन गोष्टींवर चाले. उन्हाळ्यात पुरुष मोत्यांच्या बुडीसाठी समुद्रावर जात. त्याच काळात खजूर पिकत असल्याने किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे अंतर्भागातील बागांत मुक्कामाला येत. मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि तेथून तांदूळ व कापड येई. येथे १९६६ पर्यंत भारतीय पद्धतीचा रुपयाच चलनात होता.

जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा व्यवसाय बुडवला. हाती उरले खजूर, मासळी आणि उंट. पुढच्या दोन दशकांत या किनाऱ्यावरचे अनेक तरुण कामासाठी कुवेत, बहरीन आणि सौदी अरेबियात गेले आणि तेथून घरी पैसे पाठवू लागले. आज जगभरातून माणसे जेथे पोट भरायला येतात, तेथील माणसेही एकेकाळी परदेशच्या कमाईवर कुटुंब पोसत होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

शेत आहे, उत्पन्न बाहेरचे

२ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली आणि उम्म अल कुवैन तीत सामील झाले. या अमिरातीकडे तेलाचे मोठे साठे नाहीत. रस्ते, शाळा, आरोग्यसेवा, वीज आणि पाणी यांचा बराचसा भार संघराज्याने उचलला. त्या तिजोरीत मोठा वाटा अबू धाबीच्या तेलाचा आहे. स्थानिक कुटुंबांतील तरुण पोलीस, लष्कर आणि सरकारी खात्यांत नोकरीस लागले. घर चालते ते पगारावर; बाग राहिली ती वडिलोपार्जित ठेव आणि आठवडाअखेरचे विसाव्याचे ठिकाण म्हणून.

बागेचा खर्च मात्र थांबत नाही. ठिबक सिंचन, वीज, खत यांच्या जोडीला कीड आहे. लाल सोंड्या भुंगा १९८५ च्या सुमारास अमिरातीत प्रथम आढळला. कोकणातील नारळ बागायतदारांना हा शत्रू नवा नाही. मूळचा तो दक्षिण आणि आग्नेय आशियातलाच. तो खोड आतून पोखरतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारे झाड एके दिवशी कोसळते. यावर औषधापेक्षा रोजची नजर महत्त्वाची, आणि ती ठेवणारा माणूस बहुधा बागेचा मालक नसतो.

बागेतील हात

खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. हिवाळा सरताना नर फुलोऱ्याचे पराग मादी फुलोऱ्यावर हाताने पोहोचवावे लागतात. त्यासाठी कमरेला दोर बांधून प्रत्येक झाडावर चढावे लागते. पुढे घड बांधणे, विरळणी आणि ऐन उन्हाळ्यात तोडणी. अमिरातीतील बागांत ही कामे मुख्यतः पाकिस्तान, बांगलादेश आणि भारतातून आलेले मजूर करतात.

त्यांच्या कायदेशीर स्थितीविषयी बरेच गैरसमज आहेत. कुटुंबाच्या मालकीच्या खासगी शेतावर काम करणारा मजूर सर्वसाधारण कामगार कायद्याखाली येत नाही. त्याची गणना घरकामगारांत होते आणि त्याला २०२२ चा ९ क्रमांकाचा संघीय कायदा लागू होतो. त्यानुसार आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, वर्षाला किमान ३० दिवसांची रजा आणि देय तारखेपासून दहा दिवसांच्या आत वेतन मिळणे बंधनकारक आहे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क मजुराचाच आहे आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही.

फरक पडतो तो कामाच्या तासांत. सर्वसाधारण कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. घरकामगारांच्या कायद्यात दिवसाला किमान बारा तास विश्रांती, त्यातील आठ तास सलग, असे म्हटले आहे. याचा दुसरा अर्थ असा, की दिवस बारा तासांचा होऊ शकतो. शिवाय शेत आडबाजूला असते. शेजारी दुसरा कामगार नसतो आणि तक्रार करायची तर शहर दूर असते. म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच करारात मालकाचे नाव, कामाचे स्वरूप आणि वेतन नीट पाहणे आवश्यक ठरते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी लागते. ती टाळून पर्यटक व्हिसावर येणारा मजूर हे संरक्षण निघण्यापूर्वीच गमावून बसतो.

आरशातले गाव

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांपैकी १९.२ टक्के रक्कम संयुक्त अरब अमिरातीतून आली. त्यातील काही पैसा कोकणातल्या घरांतही जातो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती; २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रियांची नोंद झाली. कर्ते पुरुष आधी मुंबईला आणि पुढे आखातात गेले. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर चालणारी घरे मग बँकेतल्या परदेशी रकमेवर चालू लागली. भातखाचरे ओसाड पडत गेली आणि आंब्याच्या बागांच्या राखणीला नेपाळहून माणसे येऊ लागली.

फलज अल मुअल्लातील खजूर आणि रत्नागिरीतील हापूस यांत साम्य आहे ते हेच. दोन्हीकडे जमीन घरची, पोट भरणारा पैसा बाहेरचा आणि झाडाखालचा माणूस परगावचा. अशा गावाची स्थिती केवळ पिकावरून कळत नाही. पगार वेळेवर होतो का आणि झाडावर चढणाऱ्या माणसाला सुट्टीचा दिवस खरोखर मिळतो का, हेही पाहावे लागते. दूरवरच्या दुसऱ्या एखाद्या गावातली चूल त्याच उत्तरावर अवलंबून असते.