राजापेक्षा राजनिष्ठ

‘राजापेक्षा राजनिष्ठ’ हा शब्दप्रयोग आपण थट्टेने करतो. फ्रान्सच्या राजकारणातून तो जगभर गेला. मराठवाड्याला मात्र त्याचा अर्थ फार महागात पडून कळला.

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली अठरावा लुई फ्रान्सच्या गादीवर परतला. राज्यक्रांतीने घडविलेले सारेच पुसता येणार नाही, हे तो जाणून होता. परंतु त्याच वर्षी निवडून आलेल्या कट्टर राजपक्षीयांना सूड हवा होता. अखेर १८१६ मध्ये राजालाच आपल्या भक्तांचे सभागृह बरखास्त करावे लागले. पुढे १८९९ मध्ये निघालेल्या ‘आक्सिआँ फ्राँसेझ’ या चळवळीने राजाच्या नावाने रस्त्यावर मारामाऱ्या केल्या; १९३७ मध्ये राजघराण्याने तिच्याशी आपला संबंध जाहीरपणे तोडला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. चितेगाव, पैठण, औरंगाबाद हा सारा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला. स्वतंत्र राहण्याची त्याची इच्छा त्याने जून १९४७ मध्ये फर्मान काढून बोलून दाखविली. तेव्हा तो निर्दोष होता असे नव्हे. पण त्याच्या गादीचा कैवार घेणाऱ्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची शिकवण निराळीच होती. खरी सत्ता मुसलमान समाजाची, निजाम हे तिचे केवळ प्रतीक, असे ती सांगे. म्हणजे गादी निजामाची, हुकूम संघटनेचा!

१९४६ मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी तिचे अध्यक्ष झाले आणि रझाकारांचे बळ वाढले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीस निघालेल्या निजामाच्याच शिष्टमंडळाला जमावाने घरांना वेढा घालून अडविले. पंतप्रधान छतारीच्या नवाबांनी राजीनामा दिला. २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला, पण सूत्रे रझवींच्या हाती गेली होती. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे ‘इमरोझ’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ते स्वतः मुसलमान होते, हे विसरता कामा नये.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्याने दोष रझाकारांवर ठेवला आणि १९५० ते १९५६ तो राजप्रमुख म्हणून मानाने राहिला. किंमत मोजली ती खेड्यांनी. आधी रझाकारांनी गावे लुटली, जाळली; नंतर सूडाच्या लाटेत निरपराध मुसलमान मारले गेले.

राजे गेले, तरी हा धडा जुना झालेला नाही. कोणाच्याही नावाचा जयघोष करीत झुंड निघाली, की दोन प्रश्न विचारावेत. ज्याचे नाव घेतले जाते तो तिला थांबवू शकतो काय? आणि नसेल, तर तिला थांबविणारा कायदा आपल्या हाती आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असणे, यालाच लोकशाही म्हणतात.