अकलूजचे सरपंच ते उपमुख्यमंत्री

सोलापूर शहरात नवी पेठेतल्या मतदाराला विजयसिंह मोहिते-पाटलांना मत द्यायची संधी विधानसभेला कधी मिळाली नाही. त्यांचा मतदारसंघ माळशिरस. तरी सोलापूर जिल्ह्यात गावकीतून मंत्रालयापर्यंत गेलेला नेता म्हटला की त्यांचे नाव आधी येते. वडील शंकरराव सहकारातले मोठे प्रस्थ. घरचा वारसा होताच, पण सुरुवात अकलूज ग्रामपंचायतीच्या सरपंचपदापासून झाली. १९८० ते २००९ माळशिरसचे आमदार, सलग.

डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळ पायउतार झाले आणि उपमुख्यमंत्रिपद मोहिते-पाटलांकडे आले. मुख्यमंत्री होते सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे. राज्यातली दोन्ही सर्वोच्च पदे एकाच जिल्ह्याकडे, हा मान सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावा असाच. तो वर्षभरही टिकला नाही.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीआधी मतदारसंघ पुनर्रचनेत माळशिरस राखीव झाले. मोहिते-पाटील पंढरपुरातून उभे राहिले आणि भारत भालकेंकडून हरले. तीन दशकांची पकड शेजारच्या तालुक्यात कामी आली नाही. स्थानिक पायाची ताकद आणि मर्यादा इथे एकदमच दिसतात. २०१४ मध्ये माढ्यातून ते लोकसभेवर निवडून गेले.